आक्काची बाग आणि मोकळा सायलेन्सर

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत कुणी कुणाशी हळू बोलत नाही. नवा माणूस आला की त्याला वाटतं, इथं सकाळपासूनच भांडणं सुरू होतात. भांडण नसतं. "चहा घ्या की," "नको, आत्ताच झाला," एवढंच चाललेलं असतं. निम्मी गल्ली यंत्रमागावर म्हातारी झालेली आहे. मीही टॉवेलच्या कारखान्यात आधी जॉबर आणि मग सुपरवायझर म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवली. बिघडलेला माग दुरुस्त करतो तो जॉबर. मागांच्या खडखडाटात कान जातात, पण सगळे एकदम जात नाहीत. वरचे सूर आधी जातात. मला ट्रक ऐकू येतो, ढोल ऐकू येतो, पाण्याची मोटर ऐकू येते. कुकरची शिट्टी येत नाही. मोबाइलची रिंग येत नाही. शहरातल्या चिमण्या कमी झाल्या असं मी पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवतो, तेव्हा बायको नुसतं खिडकीकडं बोट करते.

कान गेले म्हणून जॉबराचं काही अडत नाही. तो तळहातानं ऐकतो. चालू मागाच्या चौकटीवर हात टेकायचा. बोल्ट कुठं ढिला आहे, आडवं सूत नेणारा धोटा कुठं रेंगाळतोय, हात सांगतो. ही विद्या मला चांगली येत होती. ती मागांपुरतीच येत होती हे मला निवृत्त झाल्यावर, साठी उलटल्यावर कळलं, आणि कळायला एक चेनसॉ, एक म्हैस आणि माझ्या बहिणीची अख्खी बाग लागली.

बहीण माझ्यापेक्षा थोरली. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती सांगोल्याकडं असते. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर तिनं त्यांच्या वाट्याच्या रानात डाळिंब लावलं, तेव्हा गावात लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं तिचा दीर हसला. त्याचं रान तिच्या रानाला लागूनच, मधे फक्त बांध. "बाईमाणसाची बाग" असं तो चारचौघांत म्हणायचा. पुढं बाग अशी आली की व्यापारी रस्त्यावर गाड्या लावून उभे राहायला लागले. मग दिरानंही बाग करायची ठरवली. रोपं कुठून आणली? आक्काच्याच झाडांच्या गुट्या बांधून. म्हणजे फांदीची साल काढायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळायचं, मुळं फुटली की फांदी कापून लावायची. तेव्हा दोघांचं बोलणं होतं. आक्कानं आपल्या हातानं गुट्या बांधून दिल्या.

बोलणं बंद झालं ते एका दुष्काळात. तिच्या बागेला पाण्याचा टँकर यायचा तो दिराच्या रानातनं. दुसरी वाट नाही. टँकरखाली त्याच्या ठिबकच्या नळ्या चिरडल्या. तो पारावर जाऊन बोलला, ह्या बाईच्या नादानं माझी बाग जाणार. तिला ते कळलं. त्या दिवसापासून तिनं टँकर डांबरी रस्त्यावरच उभा करायला लावला आणि तिथून लांबचा वळसा घालून पाइप ओढला. त्यानं बोलावलं नाही, तिनं विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. फोन मी स्पीकरवर घेतो आणि बायको शेजारी बसून दुभाष्याचं काम करते.

"बाग काढायचीय," आक्का म्हणाली.

तेल्या पडला होता. डाळिंबावर आधी तेलाच्या थेंबासारखा डाग येतो, मग काळा पडतो, मग फळ तडकतं. ती तीन बहार त्याच्याशी झगडली. आता झाडंच वाळत चालली होती.

"मेली ती मेली," ती म्हणाली. "पर पलीकडची ऱ्हायली पायजे. पाऊस पडला की थेंबाथेंबानं तेल्या बांधापलीकडं जातुय. वळवाच्या आदी माझी झाडं मुळासकट निघाली पायजेत."

"पलीकडची म्हणजे दिराची?"

"ती झाडं माझ्याच झाडांची हायेत की."

"मग जेसीबी लाव. अर्ध्या दिवसाचं काम."

"जेसीबीला वाट त्याच्या रानातनं हाय."

"मग विचार की त्याला! त्याचीच बाग वाचवायला निघालीयेस."

फोन इतका वेळ गप्प झाला की बायकोनं तो हलवून बघितला.

"मी वाट मागनार न्हाय," आक्का म्हणाली.

"माणसं लाव मग."

"मानसं कुटायत? कोयता धरनारी समदी कारखान्यात गेली."

मी थकलेला होतो. त्या दिवशी म्हणून नव्हे, एकूणच. गुडघे दुखत होते, ऊन असं होतं की दुपारी गल्लीतली कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेनं सावली धरून पडत. पण घरात चेनसॉ होता. दारातल्या लिंबाची फांदी विजेच्या तारेला लागायची, ती कापायला म्हणून मी तो मोबाइलवरून मागवला होता. लहानसा, तांबडा, पेट्रोलवर चालणारा. एक फांदी कापून तो माळ्यावर गेला होता, आणि तेव्हापासून बायको त्याच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होती.

"मी येतो," मी म्हणालो.

"काय करायलाव तुम्ही?" बायको फोनपेक्षा मोठ्यानं म्हणाली. "जिना चढताना मधे बसताव, आणि बाग कापायला निघालाव?"

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून, चेनसॉ चार टॉवेलांत गुंडाळून मी एसटीत बसलो. आमच्या घरात काहीही गुंडाळायचं झालं तर टॉवेलच सापडतो. कंडक्टर दोनदा वास घेत माझ्यापाशी थांबला.

"काका, पेट्रोलचा वास तुमच्याकडनं यायलाय की."

"मला नाही येत."

"काय हाय टावेलात?"

"मशीन."

"कसलं?"

"लाकडाचं."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, गठुळ्याकडं बघितलं, आणि हा म्हातारा काही करू शकेल असं त्याला वाटलं नसावं. पुढं गेला.

बाग बघून मी कोपऱ्यावरच थांबलो. या बागेत मी पूर्वी आलो होतो तेव्हा फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागत. आता टेकू उभे होते आणि त्यांच्या आधाराला झाडं टेकली होती. काळी, तडकलेली, आक्रसलेली फळं अजून लटकत होती. आक्का म्हणाली, "च्या घे आदी," आणि तिनं बागेकडं पाठ करून चूल पेटवली.

डाळिंबाचं झाड म्हणजे एक खोड नसतं. बुडातूनच चार खोडं निघतात, मधे काटे, आणि ती अशी खालून निघतात की करवत घालायला माणसाला जवळजवळ दंडवतच घालावा लागतो. मी दंडवत घातला. चेनसॉ सुरू केला. तो सुरू झाला असं तो स्वतः म्हणत होता. खोडात जरा शिरला की त्याचा आवाज खोल जायचा, धाप लागल्यासारखा, आणि बंद पडायचा. मी दोरी ओढायचो. तो सुरू व्हायचा. परत शिरायचा, परत बंद. पहिल्या तासात मी एक झाड पाडलं आणि आक्काची ठिबकची एक नळी कापली. नळीत पाणी नव्हतं, एवढंच बरं.

तेवढ्यात बांधापलीकडं दीर येऊन उभा राहिला. शेजारी त्याची म्हैस. तो आमच्याकडं बघत नव्हता. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तो म्हशीशीच बोलत होता, पण आमच्या गल्लीत शोभेल अशा आवाजात.

"काय गं म्हशी, ऐकलंस का? पलीकडं शिलाई मशीन आनलंय. परकर शिवायचं चाललंय जनू."

आक्कानं मान वर केली नाही. तिचा कुत्रा पायापाशी पडला होता, त्याला ती म्हणाली, "गप पड रं कुत्र्या. ज्याला काम हाय त्यो करतुय. रिकामं मानूस बांधावर हुबं ऱ्हानारच की."

हे मी पहिल्यांदा बघत होतो. नंतर कळलं की दोघांचं सगळं असंच चालतं. बोलणं बंद आहे, पण रान लागून आहे. वीज कधी आली, बिबट्या कुठं दिसला, तलाठी येणार आहे, हे एकमेकांना कळवावं तर लागतंच. मग तो म्हशीला सांगतो आणि ती कुत्र्याला. गावात सगळ्यांना ठाऊक. म्हैस बिचारी रवंथ करत सगळ्या बातम्या ऐकते.

दिराचा आवाज भरदार, खालच्या पट्टीतला. त्यामुळं मला शब्दन्शब्द ऐकू आला. माझं नशीब असं आहे की पाखरं गेली, नातवंडांचं बोलणं निम्मं गेलं, पण टोमणे सगळे शाबूत येतात.

संध्याकाळपर्यंत एका ओळीचं एक टोक झालं. मी बाजेवर पाठ टेकली आणि आक्कानं विचारलं, "आन बुडखं कसं काढनार?" बुडख्यांचा मी विचारच केला नव्हता. नुसतं खोड कापून बूड जमिनीत ठेवलं तर ते परत फुटतं, रोगासकट. "ते पहारीनं काढू," मी म्हणालो. आक्कानं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, आणि ताटात अजून एक भाकरी टाकली.  

ते 'शिलाई मशीन' माझ्या मनाला लागलं होतं. पस्तीस माग एका हातानं सांभाळणाऱ्या माणसाच्या यंत्राला म्हशीसमोर शिलाई मशीन म्हणायचं? दुसऱ्या दिवशी मी चेनसॉ परत टॉवेलांत गुंडाळून सोलापूरला आणला.

मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. कुठल्यातरी थंड देशातला दाढीवाला माणूस. त्यानं चेनसॉची सायलेन्सरची डबी काढली, आतली जाळी काढून फेकली, डबीला मोठी भोकं पाडली, आणि मग त्याचा चेनसॉ ओंडक्यात असा उतरला की जणू ओंडका ओल्या मातीचा. सायलेन्सर कोंडलेला असतो, तो मोकळा करा, इंजिनाला श्वास घेऊ द्या, असं एकूण त्याचं म्हणणं दिसलं. त्यानंतर तो हातात स्क्रूड्रायव्हर धरून कुठल्याशा स्क्रूविषयी बराच वेळ बोलत होता. बारीक आवाजाचा माणूस, त्यात इंग्रजी. मी पुढं सरकवलं.

सायलेन्सर मोकळा केला की गाडी पळते, हे सोलापुरात कुणाला व्हिडिओ लावून सांगावं लागत नाही. तरुणपणी माझ्याही गाडीचा सायलेन्सर मोकळा होता. ती पळत किती होती ते आठवत नाही, पण गल्लीत शिरण्याआधीच वडील दारात येऊन उभे राहायचे. सात रस्त्याजवळ बुलेटचे सायलेन्सर करून देणारा एक वेल्डर आहे, माझ्याच वयाचा. त्याच्याकडं गेलो. त्यानं टॉवेल उलगडला आणि हसायला लागला.

"ये क्या है सायेब? बच्चे का खिलौना?"

"ह्याचा सायलेन्सर मोकळा करायचाय."

"चलरा ना? फिर कायकू खोलरैं?"

"ताकद नाही."

"हौ," तो एकदम गंभीर झाला. "आवाज नै तो ताकद कां से आएगी."

इथं आमचं जुळलं. त्यानं डबी काढली, आतली बारीक जाळी चिमट्यानं उपटून कोपऱ्यात भिरकावली. ती जाळी ठिणग्या अडवायला असते, हे मला फार नंतर कळलं. मे महिना, वाळलेली बाग आणि बिनजाळीचा सायलेन्सर. अजून आठवलं की घाम येतो. त्यानं दोन मोठी भोकं पाडली. मग त्याला स्वतःलाच उत्साह आला, आणि एका जुन्या बुलेटच्या नळीचा बोटभर तुकडा त्यानं बाहेरून वेल्ड करून दिला. तो तुकडा चेनसॉला असा दिसत होता जसा बकरीला हत्तीचा कान.

घरी अंगणात दोरी ओढली. आवाज आला! पायाखालची फरशी थरथरली. शेजारचे, जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरलेले कांडीवाले खिडकीत आले आणि त्यांनी अंगठा वर केला. त्यांच्याही कानापर्यंत काहीतरी पोचलं होतं. बायको मात्र दोन्ही कानांवर हात ठेवून आली.

"अहो, ते किंचाळायलंय!"

"किंचाळत नाही. घुमतंय."

"वरनं किंचाळायलंय ते! कुणीतरी गळा दाबल्यासारखं!"

मला खालचा घुमारा ऐकू येत होता, भरदार, दिराच्या आवाजासारखा. वरची किंकाळी माझ्या कानांपुरती नव्हतीच. तरीही खात्री करावी म्हणून मी चालू मागावर ठेवायचो तसा तळहात यंत्रावर टेकला. नेमका सायलेन्सरवर.

त्यानंतर किंचाळण्याचा आवाज बायकोला आणखी एक ऐकू आला, आणि तो मलाही आला.

हाताला हळद बांधून, वर टॉवेलची पट्टी गुंडाळून मी परत आक्काकडं गेलो. बायको म्हणाली, "तुम्ही आणि तुमची आक्का, एकाच मातीचे. विचारायचं कुणाला नाही." मी ऐकू न आल्यासारखं केलं. ही एक सोय कानांनी जाताना मागं ठेवली आहे.

आभाळात ढग जमायला लागले होते. आक्काला त्याचीच काळजी. रोज दुपारी ती बांधावर जाऊन दिराच्या झाडांची पानं उलटी करून बघायची, तो रानात नसताना. "अजून डाग न्हाय," एवढंच येऊन सांगायची. आपल्या झाडांकडं ती बघत नव्हती.

मी पहिल्या झाडापुढं दंडवत घातला आणि दोरी ओढली. खरं सांगतो, पहिला काही वेळ तो चेनसॉ म्हणजे यंत्र नव्हतं, वारं होतं. खोडात शिरला तो पार पलीकडं निघाला. एक झाड, दुसरं, तिसरं. जळक्या हाताचं भान राहिलं नाही. बांधापलीकडं दीर आणि म्हैस होती. मी मुद्दाम त्या बाजूच्या झाडांकडं सरकलो. ऐक म्हणावं म्हशीला.

म्हशीनं ऐकलं.

ती गाभण होती. मान वर झाली, डोळे पांढरे झाले, आणि ती दावं तोडून निघाली ती बांधावरून आक्काच्या बागेत, माझ्या समोरून, वाळल्या फांद्या अंगावर घेत पार ओढ्याकडं. आक्काचा कुत्रा त्याआधीच बाजेखाली गेला होता. त्याची फक्त शेपटी दिसत होती. मी हे सगळं बघत होतो आणि हातातलं यंत्र चालूच होतं, कारण बंद कुठून करायचं तेच क्षणभर सुचलं नाही. बंद करण्याची गरज पडली नाही. त्यानं स्वतःच एक आचका दिला आणि थांबला. दोरी ओढली, ती जागची हलेना. इंजिन आतून चिकटलं होतं.

यानंतर झालेलं बोलणं मी हातभर अंतरावर उभा राहून पाहिलं आणि त्यातलं काहीही ऐकलं नाही. कानांत सगळे माग एकदम सुरू झाले होते. म्हणून पुढचं आक्काच्या तोंडून, आणि ती सांगते म्हणजे तिच्या बाजूनं.

दीर तुटकं दावं हातात घेऊन बांध ओलांडून आला. आधी माझ्यावर ओरडला. "पाव्हनं, कुनाचा जीव घेताय का? गाबन म्हस हाय ती!" मी कानाकडं बोट करून हसलो. मला वाटलं तो यंत्राची चौकशी करतोय. आक्का म्हणते, तेव्हा मी मार खाता खाता वाचलो.

मग त्यानं सवयीनं डाव्या हाताला बघितलं, जिथं म्हैस उभी असते. तिथं म्हैस नव्हती. आक्कानं सवयीनं पायापाशी बघितलं. तिथं कुत्रा नव्हता. हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दोघं उन्हात उभी, मधे वाळलेली झाडं, आणि बोलायला कुणी जनावर नाही. 

"वैनी," तो म्हणाला. "म्हस कुनीकडं गेली?"

"वड्याकडं. वेड्या बाभळीत शिरली."

"तितं दगड लई हायेत."

"तुमी खालनं जावा. मी पेंड घिऊन वरनं येते. पेंडीला येईल ती."

एवढं बोलून दोघं दोन वाटांनी निघून गेली, आणि मी चिकटलेला चेनसॉ मांडीवर घेऊन बागेत बसलो.  समोर पाडलेली चार-पाच झाडं, मागं उभी सगळी बाग. वळीव कधीही येणार. आपण इथं नक्की काय करायला आलो होतो, हा विचार माझ्या मनात अशा वेळी येतो, काम करायच्या आधी येत नाही. बुडखे तर एकूणएक जमिनीतच होते.

ऊन कलल्यावर ती आली. पुढं आक्का, हातात पेंडीची पाटी. तिच्यामागं म्हैस, कुशीवर ओरखडे, पण चाल ठीक. शेवटी दीर, पायात बाभळीचा काटा भरल्यामुळं लंगडत. त्यानं म्हशीला नेलं नाही लगेच. तो बागेत थांबला. कोपऱ्यातल्या एका खोडावर त्यानं हात ठेवला. माग थांबल्यावर मी चौकटीवर हात ठेवायचो, तसा.

"माझ्या गुट्या हितल्याच ना?" तो म्हणाला. हेही आक्कानं सांगितलेलं.

"व्हय. ह्या कोपऱ्यातल्या."

त्यानं खोडावरचा हात काढला. मग म्हणाला, "उद्या जेसीबी सांगतो. माझ्या रानातनं येईल."

"तुमच्या नळ्या मोडत्याल."

"मी आदी गुंडाळून घेतो."

आक्का म्हणते, तिनं वाट मागितली नाही. हे ती दर वेळी सांगते, आणि मी दर वेळी मान डोलवतो.

सकाळी तांबडं फुटल्यावर मी उठलो तर दीर लंगडत लंगडत आपल्या ठिबकच्या नळ्यांची वेटोळी करून कडेला ठेवत होता. जेसीबी आला. मी दोन फेऱ्यांत, एक हात आणि एक यंत्र जाळून जे केलं नव्हतं, ते त्यानं उन्हं चढायच्या आत केलं. झाड धरायचं, उपटायचं, मुळासकट आडवं. दुपारी रानाच्या मधोमध ढीग लावून पेटवला. आक्का सपरात, म्हणजे रानातल्या छपराखाली, हुलगे निवडत बसली होती. धूर तिच्याकडं जात होता तरी ती जागची हलली नाही. ती एकदा काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, आणि मी परत विचारलंही नाही.

वळीव त्यानंतर दोन दिवसांनी आला. मी तेव्हा घरी होतो, सात रस्त्याच्या वेल्डरकडून नुकताच परतलेला. त्यानं चेनसॉ उघडून पिस्टन माझ्यापुढं धरला. त्यावर नखांनी ओरबाडल्यासारख्या रेघा होत्या.

"पिस्टन गया सायेब. सायलेन्सर खोले तो हवा बढती. पेट्रोल बी बढाना पड़ता ना? कार्बोरेटर का स्क्रू नै घुमाए क्या?"

"तू सांगितलं नाहीस."

"आप पूछेच नै."

म्हणजे तो दाढीवाला स्क्रूविषयी हेच सांगत होता. नुसती हवा वाढवली की इंजिन उपाशीपोटी धावतं, तापतं, आणि मरण्याआधी वरच्या पट्टीत किंचाळतं. घरात ती किंकाळी ऐकू येणारं एक माणूस होतं. तिनं सांगितलंही होतं. हे मी तिला अजून कबूल केलेलं नाही, पण पिस्टन तिनं टीव्हीशेजारी फुलदाणीसारखा ठेवला आहे. पाहुणे विचारतात. ती मोठ्या आवाजात सांगते.

डाळिंबाची बातमी मात्र सगळीच चांगली नाही. पावसाळ्यात दिराच्या बागेत, बांधाकडच्या दोन झाडांवर डाग आला. त्यानं ती दोन्ही स्वतःच उपटून जाळली. बाकीची बाग स्वच्छ आहे. आक्का आता उघडपणे जाऊन पानं उलटी करून बघते. आपल्या रानात तिनं ज्वारी केली आहे. परत डाळिंब लावणार का, असं मी विचारलं तर म्हणाली, "दम लागलाय रं आता. बघू." तिचा आवाज असा होता की बायकोला ते मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दीर आणि ती आता थेट बोलतात. त्यामुळं बोलणं कमी झालं आहे. पूर्वी म्हशीला दिवसभर काही ना काही सांगायचं असायचं. आता दोन वाक्यांत काम संपतं आणि मग काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही, असं आक्काच म्हणते.

परवा तिचा फोन आला होता. बायको बाजारात गेलेली, त्यामुळं मी एकटाच "हं, हं" करत होतो. आक्का काय सांगत होती त्यातलं निम्मं गेलं. पण तिच्या मागं एक आवाज आला, लांब, खालच्या पट्टीतला, आणि तो मला अगदी स्वच्छ ऐकू आला.

"आक्का, म्हैस का गं रेकतीय?"

"व्हय की. व्यायलीय. रेडी झालीय." तिनं फोन तोंडाजवळ धरला असावा, कारण पुढचं नीट आलं. "हितंच बांधलीय, आपल्या सपरात. त्यो सांगोल्याला गेलाय औषधाला. म्हनला, वैनी, जरा बघा."